उंबऱ्याबाहेरची झोप

किल्लारीच्या भूकंपानंतर माझ्या मावशीला पुनर्वसनातलं पक्कं घर मिळालं १९९६ साली. त्या घरात रात्रीची पाठ टेकायला तिला आणखी आठ वर्षं लागली. तोवर ती अंगणात झोपायची. थंडीत गोधडीवर गोधडी, पावसाळ्यात पुढं टाकलेल्या पत्र्याखाली, पण उंबऱ्याच्या आत नाही. शेजारच्या बायांनी आधी समजावलं, मग चिडवलं, मग नाद सोडला.

मी लातुरात पंचवीसहून जास्त वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. लोक ‘काउन्सिलर मॅडम’ म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर कधीतरी काहीतरी कोसळलेलं असतं. कुणाच्या अंगावर घर, कुणाच्या अंगावर नवरा, कुणाच्या अंगावर घरातलाच एखादा मोठा माणूस. अशा माणसांशी विश्वासाचं नातं कसं जोडता, असं शिकाऊ मुलं-मुली मला विचारतात. त्यांना तंत्र हवं असतं, आणि थोडंफार तंत्र आहेही. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न सोडत नाही. विश्वास ठेवल्याची किंमत ज्याला मोजावी लागली, त्याला ‘आता माझ्यावर ठेव’ म्हणायचा अधिकार मला कुठून येतो? हा प्रश्न मला मानसशास्त्रापेक्षा धर्माच्या जास्त जवळचा वाटतो, कारण मावशीनं तो पहिल्यांदा देवाला विचारला होता.

इथं ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची वयं, गावं, नाती बदलली आहेत. मावशी मात्र मावशीच आहे. तिला हे वाचून दाखवलं आहे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची, दोन-तीन फूट रुंदीच्या भिंतींची, वर माळवद. लाकडांवर फूट-दोन फूट मातीचा थर असलेलं हे छप्पर उन्हाळ्यात घर थंड ठेवतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येकानं त्यावर आणखी माती चढवली. तेच झोपलेल्यांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास १०,००० माणसं गेली. मावशीची दोन मुलं त्यांत होती, एक नऊ वर्षांचा, एक सहा. तिचा नवरा शेतावर राखणीला होता म्हणून राहिला. ती स्वतः का राहिली, हे तिला आजही सांगता येत नाही. पहाटे लघवीला उठून अंगणात आली होती, एवढंच.

मी तेव्हा पुण्यात एम. ए. करत होते. चौथ्या दिवशी स्वयंसेवकांच्या गाडीतून आईच्या माहेरच्या गावात पोचले. आमच्या हातात छापील फॉर्म होते. झोप लागते का, भूक लागते का, तेच तेच आठवतं का. एका बाप्यासमोर मी फॉर्म घेऊन बसले तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, “तुमी बी लिवून नेणार का? काल दोघंजण लिवून घिऊन गेले.” मी लिहिलं नाही, पण फॉर्म खाली ठेवायचंही सुचलं नाही. तो हातात धरूनच बसून राहिले.

त्याच गावात एक मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा. तो कुणाशी बोलत नव्हता. मी दोन तास त्याच्याजवळ बसून दगडांचे मनोरे रचले. निघताना म्हटलं, “उद्या येते.” दुसऱ्या दिवशी आमची गाडी दुसऱ्या गावाला वळवली. मी गेले ती त्यानंतर पाचव्या दिवशी. मुलगा तिथंच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. त्यानंतर त्याचं काय झालं मला माहीत नाही. पुष्कळ मुलं पुढं शिक्षणासाठी पुण्याला नेली गेली, त्यांत तो होता की नाही हे मला कळलं नाही. ‘उद्या येते’ हे आपल्याकडे निरोपाचं वाक्य आहे, ते कुणी अक्षरशः घेत नाही. पण ज्याच्या घरातली माणसं रात्री ‘उद्या उठू’ म्हणून झोपली आणि उठलीच नाहीत, तो ते अक्षरशः घेतो. तेव्हापासून मी येणार नसेन तर येणार म्हणत नाही, आणि नक्की ठाऊक नसेल तर तसं सांगते. इतकी साधी गोष्ट मला एका लहान मुलाच्या जिवावर शिकावी लागली याचं दुःख अजून आहे.

मराठीत आपण ‘विश्वास संपादन करणे’ म्हणतो. मला हा शब्दप्रयोग आवडेनासा झाला तो पुनर्वसनाच्या काळात, जेव्हा गावात सगळीकडे ‘भूसंपादन’ हा शब्द ऐकू येत होता. नव्या गावठाणासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, नकाशे लागत होते, नोटिसा येत होत्या. संपादन करणारा येतो तो आपलं काम घेऊन. त्याला काहीतरी मिळवायचं असतं. जमिनीचा मोबदला तरी ठरतो. माणसाचा विश्वास संपादन केला की त्याचा मोबदला कोण ठरवतं?

आणि इथंच माझ्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट येते. मुलांवर अत्याचार करणारी माणसं बहुतेक वेळा अनोळखी नसतात. ती आधी विश्वास मिळवतात. आवाज मऊ ठेवतात, आवडीनिवडी लक्षात ठेवतात, वाढदिवसाला आठवणीनं येतात, घरात कुणी ऐकून घेत नसेल तेव्हा ऐकून घेतात. आता आमच्या प्रशिक्षणात काय शिकवतात ते पाहा. आवाज मऊ ठेवा. बारीकसारीक लक्षात ठेवा. ऐकून घ्या. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं १९५७ साली उपचाराच्या आवश्यक अटी मांडल्या. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि अट न घालता त्याचा स्वीकार करणं या त्यांतल्या ठळक अटी. मी हे वाचलं तेव्हा मन भरून आलं होतं. पण पुढं एका बाईंनी मला सरळ सांगितलं, “तुम्ही त्याच्यासारखंच बोलता. इतकं गोड कुणी बोललं की माझ्या पोटात गोळा येतो.” त्यांचा ‘तो’ म्हणजे त्यांचे लहानपणीचे शिकवणीचे सर. त्या बाईंचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या अनुभवात मऊ आवाज ही धोक्याची खूण होती आणि त्या ती खूण नीट वाचत होत्या.

मग माझ्यात आणि त्या माणसात फरक काय? माझा हेतू चांगला आहे, एवढं उत्तर पुरत नाही. हेतू बाहेरून दिसत नाही, आणि त्यालाही आपला हेतू वाईट वाटत नसेल. रॉजर्सच्या अटींत आणखी एक आहे, सहसा तिच्याकडे दुर्लक्ष होतं: उपचार करणाऱ्यानं आतबाहेर एक असणं. तिच्यामुळे मी उत्तराच्या थोडी जवळ आले. पण आतबाहेर एक असून भागत नाही, ते समोरच्याला तपासता आलं पाहिजे. आणि तपासता येण्याचा अर्थ मला कुठल्याही पुस्तकानं समजावला नाही. एका गवंड्यानं समजावला.

१९९५-९६ मध्ये मावशीच्या गावात नवी घरं उभी राहत होती. इंजिनिअर लोक यायचे, सांगायचे की हे घर भूकंपरोधक आहे, काही होणार नाही. मावशी ऐकून घ्यायची आणि अंगणात झोपायची. तिच्या घराचं उरलेलं काम करायला एक गवंडी आला होता, शेजारच्या तालुक्यातला, स्वतः भूकंपात घर गमावलेला. मावशीनं त्याला विचारलं, “ह्ये पडणार न्हाई का?” तो म्हणाला, “बाई, तसं म्या कसं म्हणू? भिंतीला भेगा पडतीलच. पर हा पट्टा बघा.” त्यानं दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींतून फिरलेला काँक्रीटचा पट्टा दाखवला. “ह्यानं चारी भिंती येकमेकीला धरून ठिवल्यात. घर मोडंल, पर तुमच्या अंगावर यायच्या आधी तुमी भाईर पोचताल. वर माळवद बी न्हाई.” मग त्यानं तिच्या हातात काठी दिली आणि पट्टा कुठून कुठं जातो ते ठोकून बघायला लावलं.

मी त्या वेळी तिथं होते. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. उलट वाटलं, आधीच घाबरलेल्या बाईला हा भेगांचं कशाला सांगतो? पण भूकंपाला टिकणारी घरं बांधण्यामागचं तत्त्व खरोखरच हे आहे: मोठ्या धक्क्यात घराचं नुकसान होईल हे गृहीत धरायचं आणि ते माणसावर कोसळणार नाही एवढं बघायचं. गवंड्यानं तिला आश्वासन दिलं नाही. त्यानं घर कुठं कमजोर आहे आणि कुठं नाही हे सांगितलं, आणि काठी तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून मावशीनं धान्याची पोती आत ठेवायला सुरुवात केली. माणसं नव्हे, पोती. तरी ती सुरुवात होती.

माझ्या खोलीत आता तीन खुर्च्या आहेत. एक दाराजवळ, एक खिडकीखाली, एक आतल्या भिंतीला. येणाऱ्यानं आधी जागा निवडायची, मग मी बसायचं. दाराला आतून कडी नाही. चपला बाहेर काढायची रीत मी बंद केली, कारण एका बाईंनी सांगितलं की पळायचं झालं तर चपला लागतात. मी पंखा कमी करायला उठणार असले तरी आधी सांगते. मी वहीत काय लिहिते ते हवं तर बघता येतं. कशाबद्दल बोलायचं नाही हे समोरचा ठरवतो, आणि आज नको म्हटलेलं मी पुढच्या वेळी आडून काढत नाही. अत्याचार करणारा माणूस दार लावून घेतो, गुपित ठेवायला लावतो, नाही म्हणू देत नाही, निघून जाऊ देत नाही. माझ्या गोड बोलण्याला किंमत नाही. दार उघडं आहे की नाही याला आहे.

ज्यां आमेरी या लेखकाचा मला इथं आधार वाटतो. मूळचा व्हिएन्नाचा, बेल्जियममध्ये नाझींविरुद्ध काम करताना १९४३ मध्ये पकडला गेला. ब्रेंडोंकच्या किल्ल्यात गेस्टापोनं त्याचा छळ केला, पुढं त्याला ऑश्विट्झला पाठवलं. १९६६ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं की पहिल्याच फटक्याबरोबर एक गोष्ट जाते, आणि तिला तो जगावरचा विश्वास म्हणतो. आपल्या कातडीपाशी आपली हद्द आहे, ती समोरचा पाळेल, आणि कुणी ओलांडलीच तर कुणीतरी मदतीला येईल, ही माणसाची न बोललेली अपेक्षा. छळ झालेल्या माणसाला जगात पुन्हा घरच्यासारखं वाटत नाही, असं तो सांगतो. १९७८ मध्ये त्यानं आत्महत्या केली. माझ्या व्यवसायातले लोक त्याला ‘बरा न झालेला रुग्ण’ म्हणून वाचू शकतील. मला ते पटत नाही. आमेरीला जगाबद्दल एक खरी गोष्ट कळली होती, जी बाकीच्यांना कळलेली नसते म्हणून ते निवांत झोपतात. मावशीलाही ती कळली होती. छप्पर पडू शकतं, हे तिचं ज्ञान होतं, भास नव्हता. ज्ञानाला आजार म्हणून उपचार सुरू केले, तर समोरच्यानं आमच्यावर विश्वास का ठेवावा?

शिवाय आमच्या शास्त्राचा इतिहासही काही निर्मळ नाही. १८९६ मध्ये फ्रॉइडनं व्हिएन्नातल्या डॉक्टरांसमोर मांडलं की त्याच्याकडे येणाऱ्या बायकांच्या दुखण्याच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आहे. पुढच्याच वर्षी त्यानं फ्लीस या मित्राला पत्रातून कळवलं की आपल्याला ती मांडणी आता खरी वाटत नाही. कारणांवर अभ्यासक अजून वाद घालतात. माझ्यापुरतं एवढंच की बायकांनी सांगितलं, एकानं ऐकलं, आणि मग पाऊल मागं घेतलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात या घटनेला महत्त्वाची जागा दिली आहे. त्याच पुस्तकात बरं होण्याची पहिली पायरी त्यांनी सुरक्षितता ही धरली. आठवण काढणं आणि शोक करणं तिच्या नंतर. आजही एखादा उत्साही काउन्सिलर पहिल्याच भेटीत “मोकळ्या व्हा, सगळं सांगून टाका” म्हणतो, तेव्हा मला त्या बाप्याचा आवाज ऐकू येतो: तुमी बी लिवून नेणार का?

शाळेत आम्हाला संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की ‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ धातूपासून, श्वासाच्याच घरातला. तेव्हा ते परीक्षेपुरतं पाठ केलं. पण गेली कित्येक वर्षं मी समोरच्या माणसाचा श्वास बघत बसते. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या टोकाशी श्वास घेतो, खाली उतरू देत नाही, जणू कधीही धावायला लागेल. एक बाई सात महिने दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून, असाच श्वास घेत बसल्या. आम्ही बोललो ते मुलाच्या दहावीबद्दल, मोसंबीच्या भावाबद्दल, गुडघ्यांबद्दल. आठव्या महिन्यात एक दिवस त्यांनी पर्स खाली ठेवली आणि एक लांब श्वास सोडला. त्या दिवशीही त्या ‘त्या’ गोष्टीबद्दल काही बोलल्या नाहीत. मी वहीत एवढंच लिहिलं: पर्स खाली.

एका मुलीचं सांगितलं पाहिजे. पंधरा वर्षांची, केस उपटायची सवय लागली म्हणून शाळेनं पाठवलेली. चौथ्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, मला एक सांगायचंय. पण आधी आईची शपथ घ्या की कुणाला सांगणार नाही.” मला शपथ घेता येत नव्हती. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. पहिल्या भेटीत मी हे तिला सांगितलंच होतं, पण पहिल्या भेटीतलं कोण लक्षात ठेवतं? मी पुन्हा सांगितलं. म्हटलं, “तू जे सांगशील त्यातलं बहुतेक इथंच राहील. पण कुणी तुला इजा करत असेल, तर मला ते पुढं सांगावंच लागेल. तुला न सांगता काही करणार नाही. पण शपथ घेतली तर ती खोटी ठरेल.” ती उठली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

ते दिवस मी कसे काढले ते लिहायला जमत नाही. हातात कळवण्यासारखं काहीच नव्हतं, एक अर्धं वाक्य होतं. माझ्या वरिष्ठांशी बोलले, शाळेतल्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. रात्री वाटायचं, घेतली असती शपथ तर निदान कळलं असतं. नंतर मोडली असती. आमच्यातले काही तसं करतातही, आणि त्यांचा हेतू मुलीला वाचवण्याचाच असतो. एकोणीस दिवसांनी ती आली, सोबत आजी होती. आजीला बाहेर बसवून तिनं सगळं सांगितलं. शेवटी मी विचारलं, शपथ न घेताही का सांगितलंस? ती खांदे उडवून म्हणाली, “शपथ सगळेच घेतात.”

कळवल्यानंतरचं सोपं नव्हतं. जबाब कुठं द्यायचा हे तिला निवडता येतं, महिला अधिकारी गणवेशाशिवाय येते, हे मी तिला आधी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. पण घर फुटलं, आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही, आणि तिनं माझ्यावर राग काढला: तुमच्यामुळे झालं. मी नाही म्हटलं नाही. माझ्यामुळेही झालंच होतं. ती दर मंगळवारी यायची, अर्धा तास माझ्यावर चिडायची आणि जायची. पण यायची.

या चिडण्याबद्दल मी फार विचार केला आहे. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, आणि आपण ते भक्तीचं लाडिकपण म्हणून सोडून देतो. एक दासी, जिचं कुणी ऐकत नव्हतं, ती देवाला वाटेल ते बोलते आणि तो ऐकून घेतो. आणि पुंडलिकाची कथा: देव दारात आला, हा आईबापांची सेवा करत होता, त्यानं वीट फेकली आणि म्हटलं थांब. देव थांबला. लहानपणी मला यात पुंडलिकाची मातृपितृभक्ती दिसायची. आता मला थांबणारा दिसतो. आत ये म्हटल्याशिवाय तो आत आला नाही, आणि थांबायला सांगितलं म्हणून रागावून गेलाही नाही. विश्वासासाठी मला यापेक्षा जास्त काही करता येतं असं वाटत नाही. सांगितलेल्या वारी, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी असणं. शिव्या आल्या तरी असणं.

मी तिथंही चुकते. पर्सवाल्या बाईंसमोर एकदा माझा फोन थरथरला आणि मी पाहिलं. दोन सेकंद असतील. त्यांचा चेहरा मिटला. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं आई आणि तान्ह्या बाळांचा एक प्रयोग केला होता: खेळता खेळता आईनं दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, मग अंग फिरवतं, मग रडतं. त्याच्या कामातून मला जे उरलं ते रडण्याबद्दलचं नाही. तो सांगतो की चांगल्या आया आणि बाळंही बराच वेळ एकमेकांना चुकवतच असतात; फरक पडतो तो चुकल्यावर पुन्हा जुळवून घेण्यानं. मी त्या बाईंना पुढच्या भेटीत म्हटलं, “मागच्या वेळी तुम्ही बोलत होतात आणि मी फोन पाहिला. ते चुकलं.” त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या आयुष्यात कुणी चुकलं असं म्हणालेलं नाही.” मला त्यात आनंद मानता आला नाही. बेचाळीस वर्षांत एकानंही नाही?

मावशीकडे भूकंपानंतर चूक कबूल करायला कुणीच नव्हतं. कारण सांगायला मात्र पुष्कळ आले. कुणी प्रारब्ध म्हणालं, कुणी गेल्या जन्मीचं, कुणी गावाचं पाप. एक महाराज येऊन म्हणाले की लेकरं पुण्यवान होती, लवकर सुटली. १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटली, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. निसर्गाच्या घटनेला असा नैतिक अर्थ लावू नये, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी तो आक्षेप आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला. मी टागोरांच्या बाजूची आहे. पण दगडाखालून स्वतःच्या हातानं लेकरू काढलेल्या बाईला तो वादही लांबचाच. तिच्यासमोर मांडलेलं प्रत्येक कारण, धर्माचं असो की शास्त्राचं, सांगणाऱ्याला हलकं करतं आणि तिला नाही. कर्माचा सिद्धांत माणसानं स्वतःच्या दुःखापुरता घ्यावा, त्यातून बळ मिळत असेल तर मला त्याबद्दल आदरच आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तो लावणं मला क्रौर्य वाटतं. माझ्याकडे येणारी माणसंही विचारतात: देव कुठं होता, माझ्याच वाट्याला का? मला उत्तर माहीत नाही, आणि मी तसं म्हणते. ‘माहीत नाही’ म्हटल्यावर खोलीतली हवा हलकी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ढिगाऱ्यातून मावशीचे देव सापडले होते: पितळेचा विठोबा-रखुमाई, एक बाळकृष्ण, खंडोबाचा टाक. तिनं ते एका कडीच्या डब्यात घातले, झाकण लावलं आणि डबा पोत्यांच्या मागं सरकवला. पूजा नाही, उदबत्ती नाही, आषाढीला उपास नाही. लोकांनी बोल लावले. कुणी विचारलं तर म्हणायची, “टाकले न्हाईत. ठिवलेत.” मी तिला कधी समजावलं नाही, याचं मला समाधान आहे. त्या वेळी तो शहाणपणा नव्हता. काय बोलावं ते सुचत नव्हतं.

घराशी तिचं हळूहळू जमत गेलं. पोत्यांनंतर चूल आत गेली, तीही झडीचा पाऊस लागला म्हणून. मग दुपारची आडवी व्हायला लागली, दार उघडं टाकून. मग एका पावसाळ्यात डोकं आत आणि पाय उंबऱ्याबाहेर अशी झोपू लागली. रोज संध्याकाळी काठीनं तो पट्टा ठोकायची, एखाद्या जनावराच्या पाठीवर थाप मारावी तशी. २००१ च्या जानेवारीत भूजच्या भूकंपाच्या बातम्या आल्या तेव्हा पुन्हा सगळं बिऱ्हाड अंगणात आलं आणि वर्षभर तिथंच राहिलं. कुणीही तिला ‘आता तरी’ म्हटलं नाही. २००४ च्या उन्हाळ्यानंतर कधीतरी ती रात्रभर आत झोपली. कोणत्या रात्री ते तिनं कुणाला सांगितलं नाही. काकांनाही सकाळीच कळलं.

त्या वर्षी दिवाळीत मी गेले होते. मावशी ओसरीवर चिंचेच्या कोळानं काहीतरी घासत बसली होती. जवळ गेले तर देव. विठोबा-रखुमाई, बाळकृष्ण, टाक, अकरा वर्षांचा काळेपणा निघून लखलखीत झालेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, “मावशी, आत देव्हारा मांडायचा का? मी फळी ठोकून देते.”

ती म्हणाली, “आत न्हाई.” ओसरीच्या कोनाड्यात तिनं फडकं अंथरलं, एकेक देव पुसून त्यावर मांडला, विठोबाला थोडं सरळ केलं.

“मी धा-अकरा वरसं भाईर काढली,” ती म्हणाली. “ह्यानं बी काढावीत की थोडी.”